मैदानावर आलेल्या मॅट

भांडुपच्या मैदानावर नंदा साळवे मुलींना कबड्डी शिकवायची. त्या मैदानावर एका बिल्डरचा डोळा होता. ज्या उमेदवाराच्या प्रचाराचा खर्च तो उचलत होता, त्याने ऐन निवडणुकीत मुलींसाठी कोऱ्या मॅट पाठवल्या. मुली नाचायलाच लागल्या.

"ताई, ही देणगी आहे. बदल्यात काही नको," टेम्पोतून मॅट घेऊन आलेला त्याचा कार्यकर्ता म्हणाला.

"मग मैदानाच्या सुनावणीत मी बिल्डरच्या विरोधात बोलले, तरी मॅट राहतील ना?"

त्याचा चेहरा बदलला. "तुम्हाला कशाला हव्यात त्या भानगडी?"

मुली नंदाकडेच बघत होत्या.

"टेम्पोत परत टाका," ती म्हणाली.

मुलींनी अबोला धरला. सुनावणीला मात्र सगळ्या तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मैदान तूर्त तरी वाचलं.