कवेलूवरचा मी आन् टीव्हीतला मी

च्याची कपबशी खाली ठेवून आयका, नाई तं आंगावर सांडन. साऱ्या जिंदगीत मी लोकायची फजिती केली, हे तं तुमाले माहीतच हाय. पण माही जे झाली ना, थे माह्याच घरच्या टीव्हीनं केली. आन् टीव्ही बी फुकटचा!

माहा पोरगा ऊर्जानगरले कामाले. त्यानं रंगीत घेतला आन् जुना काळापांढरा आमाले पाठवला, गोधडीत गुंडाळून, बसच्या टपावर. आमच्या ढिवर मोहल्ल्यातला पहिलाच टीव्ही.

माहं मत इचारान तं त्याच्यासारखं नखरेल जनावर नाई. घराच्या कवेलूवर बांबू, बांबूवर अँटेना. अँटेनावर कावळा बसला का खाली बातम्यावालीचं तोंड वाकडं! चित्र आलं तं आवाज नाई. आवाज आला तं चित्र नाई. दोनी संगं आले का लाईन गेली.

पण एक फायदा झाला मले. कवडू! कवडू म्हणजे माहा जोडीदार, एकाच डोंग्यात बसून आमी तलावात जाळं टाकतो. मनानं लय साफ. म्हणजे माह्या सोयीचा. पहिल्याच दिवशी त्याले म्हटलं, "कवडू, शर्टाची गुंडी लाव. थे बाई तिकडून आपल्याले पाह्यते."

"खरंच बे?"

"मंग! आपण तिले पाह्यतो, तं थे काय डोळे मिटून बसली?"

तवापासून कवडू बातम्याले आंघोळ करून ये. बाईनं नमस्कार केला का कवडूबी करे.

असं मजेत चालू होतं. मंग एक दिवस नागपूरहून जीप आली. टीव्हीवाले! तलावातली मासोळी कशी पकडतेत, थे त्यायले शेतकऱ्यायच्या कार्यक्रमात दाखवाचं होतं. मासोळीच्या सोसायटीवाल्यायनं मलेच पुढं केलं. कवडूनं डोंगा धरला, मी जाळं फेकलं. कॅमेरावाला म्हणे, "काका, पुन्हा." फेकलं. "काका, जरा हसत." आता जाळं फेकताना कोण हसते बाप्पा? तरी हसलो. मंग एका सायबानं दांडा माह्या तोंडासमोर धरला. "काका, दोन शब्द बोला."

ज्याचं तोंड आजवर कोणाले बंद करता आलं नाई, थो मी काय बोललो सांगू?

"मासोळी पाण्यात राह्यते."

बस्स. तितकंच.

पंधरा दिवसानं पत्र आलं. डाकवाल्यानं वाचलं: शुक्रवारी, सांजच्याले साडेसहाले. मले वाचता येत नाई, पण माहं नाव कुठी हाय थे त्याले इचारलं आन् त्यावर बोट ठेवून पाह्यलं. मंग बाजारात सांगितलं, सलूनात सांगितलं, राजुऱ्याले पोरीच्या सासरी निरोप धाडला. तिचा सासरा, माहा इवाई, मले नेहमी म्हणे, "तुमी तं फक्त बोलाचेच, लटारूभाऊ." म्हटलं, आता पाह्य म्हणा!

आन् खरं सांगू? मलेबी मले पाह्याचं होतं. माहा फोटो एकच, लग्नातला. त्यात बाशिंगानं सारं तोंड झाकलं. जाळं फेकताना मी कसा दिसतो, हे साठ वर्षात मले कुठी माहीत होतं?

शुक्रवारी साडेपाचलेच कवडूले कवेलूवर चढवलं. मी खाली टीव्हीसमोर. त्यानं बांबू जरासा फिरवला आन् चित्र आलं, आरशासारखं! आता इथी शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? "ये बाबा खाली." पण माही जीभ शहाणी नाई.

"आलं का भाऊ?" कवडू वरून.

"नाई बे! मुंग्याच मुंग्या!"

"आता?"

"हात लावून धर. हां, आलं! सोड. गेलं! अबे कवडू, तुह्या आंगात करंट हाय!"

"माह्या आंगात?" केवढी खुशी त्याच्या आवाजात!

"सोडू नोको. एक पाय उचल."

उचलला.

"आता डोक्यावर जर्मनचा गंज घे." दुसऱ्या बांबूच्या टोकाले अडकवून मी बुढीचा, म्हणजे बायकोचा, भात शिजवाचा गंज वर देल्ला.

"गंज कायले भाऊ?"

"कंपनीच्या पुस्तकात लिवलं हाय."

मले वाचता येत नाई हे साऱ्या गावाले माहीत. पण गंज डोक्यावर असला का माणसाले कुठी सुचते?

पाऊण घंटा कवडू तसाच उभा. रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून पाह्यत. मी खाली तोंडात दुपट्टा कोंबून हसून राह्यलो. तितक्यात माही बुढी च्या घेऊन आंगणात गेली आन् तिनं सारा घोळ केला.

"अवो कवडूभाऊजी, बगळ्यावानी काऊन उभे हा? टीव्ही तं कवाचा चकाचक दिसून राह्यला!"

कवडू उतरला. खिडकीतून टीव्ही पाह्यला. मंग मले पाह्यलं, दुपट्ट्यासकट. तितंच मले समजाले पाह्यजे होतं. गंज त्यानं बुढीच्या हातात देल्ला, म्हणे, "माही बिडी राह्यली वरत." पुन्हा चढला, वरत बांबू करकरला, पुन्हा उतरला, आन् येऊन पहिल्या रांगेत बसला. गुंडी लावून.

आन् पाह्यतो तं चित्र गेलं.

खरंखुरं गेलं! साडेसहाले पाच मिनिटं कमी, सारा मोहल्ला जमलेला, आन् टीव्हीत पांढऱ्या मुंग्या!

"कवडू! गेलं बे!"

"हव. दिसून राह्यलं मले."

"मंग चढ ना लवकर!"

"माह्या आंगातला करंट संपला भाऊ."

काय करता? साठीचा माणूस, मीच चढलो. एक कवेलू फुटलं, दुसरं फुटलं. बांबू धरला, फिरवला.

"आलं का?"

"नाईऽऽ!" खालून बुढीचा आवाज, कवडूचा आवाज, साऱ्या मोहल्ल्याचा आवाज.

"आता?"

"मुंग्याऽऽ!"

"एक पाय उचल भाऊ!" कवडू.

पाय उचलून काई होत नाई, हे मले माहीत होतं. मीच काढलं होतं थे! तरी उचलला.

"गंज पाठवू का?"

"पाठव!" म्हटलं मी. हो, मीच म्हटलं.

तं असा मी कवेलूवर. एक पाय हवेत, हातात बांबू, डोक्यावर गंज. आन् खाली एकदम सारे चूप. मंग सारे असे हसले का डोक्यावरचा गंज वाजला.

"काय झालं बे?"

"काई नाई भाऊ, मुंग्या!"

"मंग मुंग्याले काऊन हसता?"

"एका मुंगीनं जाळं फेकलं!"

मी खाली कसा आलो थे शिडीले माहीत. आत गेलो तं टीव्हीत एक सायेब टमाटरच्या रोगावर बोलून राह्यला होता. चित्र आरशासारखं.

"मी आलो होतो का?"

कवडू म्हणे, "तुले कापलं भाऊ. डोंग्यात फक्त मी होतो."

शेजारचा म्हणे, "कोण? कवा? आमी तं मुंग्या पाह्यल्या."

बुढीले कोनाट्यात नेऊन इचारलं. म्हणे, "तुमची पाठ होती. बंडी फाटकी घालून काऊन गेल्ते?" आता पाठ दिसली का नाई देव जाणे, पण बंडी खरंच फाटकी होती.

म्हटलं, इवाई तरी खरं सांगन. दिवाळीले थो आला, पण बसथांब्यावर त्याले घ्याले कवडू गेला होता. पिशवी बी कवडूनंच उचलून आणली. इवाई बसला, पाणी पेला आन् एकदम गंभीर तोंड करून म्हणे, "लटारूभाऊ, आमी टीव्ही तं लावला होता. पण तिकडंबी मुंग्याच होत्या."

आता घरोघरी टीव्हीची छत्री आली. कवेलूवर चढा लागत नाई, बटन दाबलं का शंभर तोंडं दिसतेत. माहं तोंड काई कुठी दिसत नाई. थो कार्यक्रम तं पुन्हा लागलाच नाई.

परवा डोंग्यात बसलो होतो, कवडू आन् मी, दोघंच. म्हटलं, "कवडू, आता दोघंबी म्हातारे झालो. एकडाव खरं सांग. मी टीव्हीत दिसलो होतो का नाई?"

कवडूनं जाळं सोडलं, बिडी पेटवली, आन् म्हणे, "टीव्हीतला माणूस तिकडून आपल्याले पाह्यते, तूच सांगितलं होतं ना भाऊ? मंग तू त्यात असशीन तं तुले आमी दिसलोच असू. तूच सांग, माह्या शर्टाची गुंडी लावली होती का नाई?"

"लावली होती बे," म्हटलं मी.