शेजारची जागा

चर्चमध्ये बाकावर बसताना मी अजूनही शेजारची जागा हाताने झाडतो. ही सवय तुरुंगातली. तिथे मोजणीला जोडीजोडीने बसवत. मग रविवारी कडुनिंबाखाली आम्ही ख्रिस्ती कैदी प्रार्थनेलाही तसेच बसायचो. आमची संख्या विषम, म्हणून आमच्यातले अंतोनकाका एकटे उरायचे. ते शेजारची जागा झाडून मोकळी ठेवायचे.

एकदा नवा हवालदार ती जागा पाहून दचकला. “इथला कुठं गेला?”

“गेला नाही साहेब, आलाय. प्रभू आहे. त्याची मोजणी नसते,” अंतोनकाका म्हणाले.

कोंडलेल्या माणसाजवळ कुणी आपणहून येऊन बसतं, याचं सुख बाहेर तितकंसं कळत नाही.

हवालदाराने आम्हाला पुन्हा मोजलं. आकडा जुळला. परत जाताना मात्र तो त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला.