सालईपासून नाल्यापर्यंत

अमरावतीहून सकाळी निघालो तेव्हा मी मजेत होतो. माझी मुलगी धनू वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला पातूरच्या पुढच्या जंगलात झाडांची मोजणी करायची होती आणि सोबतीला बाप हवा होता. आमचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, निशिगंध सोडले तर बाकी सगळं माझ्या लेखी नुसतं 'झाड'. वाटेत अकोल्यात दोन कचोऱ्या खाल्ल्या. घरी एकच सांगितली.

चैत्रातलं सागाचं रान. अंगावर पान नाही. टेकडीच्या माथ्यावर मी सुतळीचं टोक धरून बसलो; धनूनं ती नाल्यापर्यंत आखली, खालचं टोक दगडाखाली दाबलं आणि वर आली. सुतळीच्या दोन्ही अंगांची झाडं लिहीत धनू एकटी उतरणार होती.

"वर सालई, मधात साग अन् धावडा, खाली जांभूळ, करंज. उतारानं झाडं बदलत जातात, बाबा. तुमी इथंच बसा. मी सुतळी धरून वापस येईन."

बसलो. पण हार ओवणाऱ्या माणसाला मोकळं सूत दिसलं की ते गुंडाळल्याशिवाय चैन पडत नाही. गप्पा मनाशी चालू होत्या, हात आपले चालू होते. खालचं टोक सुटून हातात आलं तेव्हा गुंडा अगदी देखणा झाला होता. मग ध्यानात आलं, धनू याच सुतळीनं परत येणार होती.

हाका मारल्या. उत्तर नाही. मोबाइलला रेंज नाही. धावत उतरलो, तर चहूकडे तेच साग, तीच वाळली पानं. माझ्याच पावलांचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटायचा.

एका मोहाखाली एक मावशी फुलं वेचत होती.

"काहून ओरडून राहिले जी?"

"पोरगी हरवली माझी."

"पोरगी हरवली का तुमी?"

मी गुंडा दाखवून सगळं सांगितलं. ती खो खो हसली आणि एकदम थांबली. तिनं मोहाच्या खोडावरचे ताजे ओरखडे दाखवले.

"अस्वल आलतं पहाटे. नाल्याकडंच गेलं."

"नाला कुठं आहे?"

"डोये नाहीत का? साग हाय तिथं कोरडं. हिरवं दिसन, थो नाला. अन् मुक्यानं जाऊ नका. अचानक समोर गेलं का थे अंगावर येते."

दूर खाली हिरवी रेघ होती. इतका वेळ ती मला दिसलीच नव्हती. मोठ्यानं काय बोलणार? तोंडातून दुकानच निघालं. "घ्या शेवंती! ताजा निशिगंध!" आवाज बकरीसारखा.

खालून कापरा आवाज आला, "जांभूळ! करंज! उंबर! जांभूळ!"

धनू जांभळाला पाठ टेकून उभी होती. चेहरा पांढरा. "आत्ताच गेलं, बाबा. त्या करंजापाशून. मी वही वाचत राहिली नुसती." मग तिची नजर माझ्या हाताकडं गेली. तिनं गुंडा माझ्या हातून काढून पिशवीत टाकला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत ती वहीतल्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत होती. नाल्याकाठचा पट्टा अर्धाच मोजून झाला होता, म्हणजे तिला पुन्हा जावं लागणार होतं. आता ही 'एकटी जाते' म्हणेल, याची मला अस्वलापेक्षा जास्त भीती वाटत होती. बापाचा भरवसा एका दिवसात उडू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बडनेरा आलं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी बसायचं नाही. माझ्यासंग चालायचं. अन् बोलत राहायचं."