न फोडायचा नारळ

पुण्याच्या हॉस्पिटलात बाबा ऑपरेशनच्या कागदावर सही करत नव्हते, आणि मी इकडे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये, फोन कानाला लावून देवावर चिडून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ते बरे व्हावेत म्हणून आईने मारुतीला नारळ फोडला, पण घाईत देवघरातला नेमका तोच उचलला. मातीच्या चौथऱ्यावर ठेवलेला तो नारळ बाबा वर्षातून एकदा बदलायचे, फोडायचे मात्र कधीच नाहीत. "अहो, नारळच तो," आई रडत म्हणाली. "माझे आई-वडील होते ते," बाबा म्हणाले. "आता मोठ्यांना विचारल्याशिवाय मी जाणार नाही."

आई-वडिलांचं नाव बाबांनी पहिल्यांदाच काढलं होतं. सहा वर्षांचे असताना कुणीतरी त्यांना दक्षिणेतल्या रानातून पुण्याला कामाला आणलं, एवढंच कळलं. गावाचं नाव त्यांनाही आठवेना. माझा काळा रंग आणि कुरळे केस बघून पुण्यात लोक विचारायचे, इथेही विचारतात, आफ्रिकेतल्या कुठल्या देशाची? मी ठसक्यात 'पुण्याची' म्हणायचे आणि घरी येऊन रडायचे.

निदान नवा नारळ तरी मांडावा म्हणून इंडियन शॉप गाठलं. शेवटचा नारळ एका बाईंच्या हातात होता. कधी कुणापुढे हात न पसरणारी मी, तो मागितला आणि सगळं सांगून टाकलं. त्या नर्स होत्या, कर्नाटकातल्या हल्याळच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. "गेनाऊ, अगदी तेच! तू सिद्दी आहेस गं," त्या म्हणाल्या. "तुमचे पूर्वज फार पूर्वी आफ्रिकेतून आले. आमच्याकडच्या रानात तुमची गावं आहेत. नारळात वाडवडील, म्हणजे घरातली मोठी माणसं, पुजतात." 'सिद्दी' हा शब्द मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

त्यांनी तिथूनच आपल्या सिद्दी मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीने तो तिच्या आजीला दिला. मी बाबांना जोडून घेतलं. आजीने पुढ्यात नारळ ठेवून बाबांच्या वतीने मोठ्यांना विचारलं. मग ती म्हणाली, "मोठी माणसं रागावली नाहीत, बाळा. वाट बघतायत. बरा हो आणि ये." बाबा एका वेगळ्याच बोलीत काहीतरी पुटपुटले. ती बोली त्यांना येते, हे आईलाही माहीत नव्हतं. मग त्यांनी सही केली.

बाबा आता बरे आहेत. त्यांचं गाव अजून सापडायचंय. आजी तिकडच्या गावांत चौकशी करते आहे. ही कृपा कुणाची, याचा खल मी करत नाही. इतकी वर्षं ठसक्यात राहून जे कळलं नाही, ते हात पसरल्यावर मिळालं, इतकंच जाणते.

त्या बाईंनी दिलेला नारळ माझ्या खिडकीत आहे. ऑफिसला निघताना त्याच्यापुढे क्षणभर थांबते. घरात मोठी माणसं असली की सांगून निघायचं असतं. म्हणते, "येते हं."