मला बोलायला येत नाही

आमच्या बोलण्यात 'ण' फारसा नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, कोण म्हणजे कोन, आणि खुद्द आमच्या माण तालुक्यालाही मानच म्हणतो. यात काही चुकतं हे अकरावीला सांगलीत येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात वर्गात 'पानी' म्हणालो आणि पोरं हसली. मग मी शहाणपणा केला. जिथं शंका येईल तिथं 'ण' लावायचा. पुढच्या तासाला सरांनी उभं केलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "सर, वणस्पतींना ऊण लागतं."

दोन वर्षं माझं नाव ऊण होतं. "काय ऊण, आज लय तापलंय व्हय?" हे मी वसतिगृहाच्या जिन्यात इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी जोरात हसलं तर मी आधी स्वतःचं शेवटचं वाक्य आठवून बघतो.

शेवटी मी एकेक शब्द पाठ केला. मराठीत पदवी घेतली, सांगलीतच एका शाळेत मराठी शिकवू लागलो. माझं बोलणं ऐकून कुणाला माझं गाव ओळखता येत नाही, याचा मला अभिमान होता. तो माझ्यापुरता राहिला असता तर नुकसानही माझ्यापुरतंच झालं असतं.

माझी बायको म्हसवडकडची. तिच्या माहेरी मेंढरं. सातवीपर्यंत शिकलेली, पण तोंडाला खळ नाही म्हणावं अशी बोलकी. लग्न होऊन आली तेव्हा एस्टीच्या कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांशी तिच्या गप्पा. मी तिला सुधारायला घेतलं. न्हाई नव्हे, नाही. हाय नव्हे, आहे. मी कधी ओरडलो नाही. हसून, प्रेमानं सांगायचो. मला तेव्हा तो गुन्हा वाटला नाही याचं कारण हेच असावं. पाहुण्यांसमोर तर माझी एक खास सवय होती. ती काही बोलली की तेच वाक्य मी लगेच शुद्ध करून पुन्हा म्हणायचो, जणू पाहुण्यांना ते नीट ऐकू गेलं नव्हतं.

तीन-चार वर्षांत तिनं माणसांसमोर बोलणं सोडलं. चहा ठेवायची, हसायची, आत जायची. शाळेतले सहकारी म्हणायचे, "वहिनी किती शांत आहेत." मला ते कौतुक वाटायचं. खरंच, मला ते कौतुकच वाटायचं.

ती बोलायची फक्त शेळ्यांशी. तासगाव रस्त्याला आमचं घर आहे, मागं थोडी मोकळी जागा. तिथं तिनं दोन शेळ्या आणल्या, त्यांच्या वीस झाल्या. मी दाढी करताना खिडकीतून तिचा आवाज यायचा. "आगं, तुला काय सासुरवास हाय का हितं? खा की गुमान." तो आवाज घरातल्या बाईचा वाटायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी एक सरकारी जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले. आजूबाजूला पावसाळ्यात करडं मरत होती, आमचं एकही गेलं नव्हतं. त्यांनी तिला कारण विचारलं, तिनं दोन शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात वडूजला बायकांचं शेळीपालनाचं प्रशिक्षण आहे. तुम्ही या आणि हे सांगा. आमचं ऐकून ऐकून त्या कंटाळल्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मला बोलायला येत नाही, सर."

हे वाक्य तिनं बिनचूक म्हटलं. एकही अक्षर सुधारायला जागा नव्हती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि मी शिकवलेलं तिला एवढंच आलं होतं.

डॉक्टर ऐकेनात, म्हणून ती तयार झाली. आणि मी काय केलं? मी तिला भाषण लिहून दिलं. दोन पानं. 'सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या भगिनींनो' अशी सुरुवात. मला वाटलं, ही माझी भरपाई आहे. कडबा तोडताना ती आठ दिवस ते पाठ करत होती.

वडूजच्या त्या सभागृहात शंभरेक बायका होत्या. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो. ती उभी राहिली. कागद हातात होता, पण नजर त्यावर नव्हती. पाठ केलेलं म्हणत होती.

"सण्माणणीय व्यासपीठ..."

पुढं 'शेळीपालण' आलं, 'नियोजण' आलं. पुढच्या रांगेतली एक तरुण पोरगी तोंडाला पदर लावून हसली. मी तेव्हा काय करत होतो ते मला नंतर कळलं. माझे ओठ हलत होते. तिचा प्रत्येक चुकलेला शब्द मी शेवटच्या रांगेतून बरोबर करत होतो. तिनं ते बघितलं आणि ती थांबली.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "बाई, ते ऱ्हाऊ दे. माझं करडू तिसऱ्या दिशी मरतंय. तेवढं सांग की."

बायकोनं तिच्याकडं बघितलं.

"चीक कवा पाजला व्हता, मावशी?"

"शेळीची वार पडल्यावर, सगळा जार भाईर आल्यावर. आमच्यात तसंच असतंय."

"हितंच चुकलं बगा. वारंची वाट नगा बघू. करडू अंग झाडतंय तवर त्येच्या तोंडात चीक गेला पायजे. आन् तोंडात बोट घालून बगा. तोंड गार लागलं की समजायचं, पोटात काय न्हाई. नवरा भूक लागली की बोंब मारतो, करडू गप मरतंय."

सगळं सभागृह हसलं. तोंडाला पदर लावलेली ती पोरगीसुद्धा, आता पदर काढून. मी दचकलो, सवयीनं. मग लक्षात आलं की त्या बायका तिला हसत नव्हत्या.

त्यानंतर तिला कुणी अडवू शकलं नाही. शेळ्या बसायचं मचाण किती उंच असावं ते तिनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. ओला चारा सकाळी का घालायचा नाही, ते सांगितलं. एक बाई म्हणाली, "आमच्या तर वल्लाच खात्यात." ती म्हणाली, "खात्यात की. आन् दुपारी फुगत्यात, मग डाक्टरला फोन करताय." डॉक्टर मान डोलावत होते. अर्ध्या तासाचं बोलणं दीड तास चाललं. शेवटी बायकांनी तिला घेरलं, मोबाइलमध्ये तिचा नंबर घातला, आणि भाषणाची पानं कुठंतरी पायाखाली गेली.

परत येताना मायणी सोडल्यापासून ती बोलत होती. कोण काय म्हणालं, कुणाची शेळी कशानं आटली. मी गाडी चालवत होतो. विट्याच्या अलीकडं मी म्हणालो, "मी तुला फार वर्षं गप्प बसवलं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, आसू द्या, झालं ते झालं. तिनं खिडकीची काच वर केली.

"बशिवलंसा खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "डाक्टरांनी म्हसवडला बलिवलंय. तितं तुमी येऊ नगा."

"का?"

"माझं ध्यान तुमच्या तोंडाकडं जातंय."

मी हो म्हणालो. इतकं रोखठोक मला आजवर कुणी नाकारलं नव्हतं, आणि मला त्याचा इतका आनंद का झाला हे तेव्हा सांगता आलं नसतं. बावीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा सुधारलं होतं.

म्हसवडला ती एकटी एस्टीनं गेली. मी रजा काढून शेळ्या सांभाळल्या. दुपारी तिचा फोन आला. मागं बायकांचा कलकलाट.

"आवं, जेवायला सोडलं आन् परत उभं केलं मला. आमची आईबी आलीया ऐकाया, फुडंच बसलीया. सगळ्यास्नी सांगतीया, ही माझी लेक हाय म्हणून."

मी विचारलं, "बोलणं कसं झालं?"

"झालं कुठं अजून," ती म्हणाली. "ठेवते मी. बायका थांबल्यात."