देवांचं आवतण आणि आखडलेला जबडा

ज्या तोंडाने देवांना लग्नाचं आवतण द्यायचं, ते तोंडच देवीने बंद केलं, तर तिच्यावर रुसायचं नाही तर काय करायचं? मी रुसले होते. तारापूरकडच्या एका गावातली मी धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते आणि माणसांच्या आधी एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. एक देव राहिला तरी बायका मागे कुजबुजतात.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मनोरच्या बाजारातून येताना टेम्पोने गचकन ब्रेक मारला आणि माझी मान लचकली. पट्टा लावला, दुखणं उतरलं, मी विसरूनही गेले. पुढे काही महिन्यांनी कानाजवळ जबडा कटकट वाजू लागला, मग घासापुरतंही तोंड उघडेना. पालघरला जाऊन अक्कलदाढ काढून घेतली. दाढ गेली, दुखणं मात्र ठाण मांडून बसलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, जाऊबाईंनी हनुवटीखालून फडकं बांधलं. मी आरशापुढे उभी राहून बोटांनी जबडा फाकवायचे आणि तो आणखीच आखडायचा.

त्यातच शेजारच्या काशीच्या लेकीचं लग्न ठरलं. ती पाळण्यात असल्यापासून तिचे धवले मीच गाणार, हे ठरलेलं. काशीचा नवरा दारात येऊन चाचरत म्हणाला, "वयनी, मुरब्याची धवलारीण सांगू का? तुमाला तरास नको." मी मान डोलावली आणि आत जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी गावदेवीची ओटी भरली. म्हटलं, "आई, मी नको असेन तर तसं सांग. नायतर तूच बघ." निघताना घंटा वाजवली, तर मागे उभ्या असलेल्या एका परक्या बाईंनी मला थांबवलं. घंटेकडे बघताना मान वर न करता मी अख्खं अंग मागे झुकवलं, हे त्यांनी पाहिलं होतं.

"मौसी, गर्दन में कभी चोट लगी थी?"

"मान नाय बाई, जबडा दुखतो."

"इसीलिए तो पूछ रही हूँ," त्या हसल्या.

मुंबईच्या इस्पितळात त्या व्यायामाचे उपचार करायच्या आणि बोईसरला भावाकडे आल्या होत्या. कट्ट्यावर बसवून त्यांनी माझ्या मानेमागे बोट दाबलं, तशी कळ थेट कानापर्यंत गेली. मान आणि जबडा म्हणजे एका जोखडाचे दोन बैल, एक लंगडला की दुसऱ्यावर ओढ येते, हे मला तिथे उमगलं. त्यांनी मानेचे सोपे व्यायाम आणि गरम शेक समजावला. "ज़ोर मत लगाना, मौसी. ढीला छोड़ो."

तसंच करत राहिले. हळूहळू मान वळू लागली, मग जांभई आली, आणि त्या जांभईने मला जो आनंद झाला तो काय सांगू!

मुरब्याचा सांगावा काशीला थांबवायला लावला आणि हळदीच्या दिवशी मांडवात बसले, डोळे मिटले आणि जबडा सैल सोडला. आवाज असा निघाला की अंगणाबाहेरच्या बायकाही आत आल्या. एकेका देवाला हाक मारली, एकही राहिला नाही. काशीने भर मांडवात मला मिठी मारली. "आता कोन जातो गो मुरब्याला!"

जोर लावून मी माझं दार माझ्यावरच बंद करून घेत होते. सोडून दिलं, तेव्हा देवीने उघडलं. त्या बाईंचं नाव मात्र विचारायचं राहूनच गेलं. आजही धवल्यात सगळे देव बोलावून झाले की मी क्षणभर थांबते, आणि जिचं नाव मला ठाऊक नाही, तिलाही मांडवात बोलावते.