चार मिनिटांची भाकरी

माझ्या लेकीची पेटी दाराशी भरून ठेवलेली होती, आणि माझा धाकटा भाऊ तिला पेपर वाचून दाखवत होता. "'खानदेशच्या मातीतली बाई नवऱ्याचं घर सोडून अशी निघून जाणार नाही.' ऐकलंस का?" दुपारच्या गाडीनं तो तिला पाचोऱ्याला, नवऱ्याकडे पोचवणार होता. ती माझ्याकडे येऊन पंधरा दिवस झाले होते. का आली ते सांगत नव्हती. पेटी मीच भरली होती. ते लपवत नाही.

पेपरात परीक्षण होतं ते जळगावच्या टॉकीजला पुन्हा लागलेल्या एका जुन्या सिनेमाचं. मी तिथं लेडीजच्या दाराशी तिकिटं फाडायचे. सिनेमातली बाई मंगळसूत्र खुंटीला अडकवते आणि भर बाजारातून चालती होते. एवढ्यावरून पूर्वी म्हणे मोर्चे निघाले होते. मारणाऱ्या नवऱ्यावर कोणी मोर्चा नेल्याचं मी ऐकलं नाही.

भाऊ पुढं वाचू लागला. "'मध्यंतरानंतर भगिनी संतापून उठून गेल्या.'"

"पाचची एसटी होती त्यांची," मी म्हटलं. "संताप असेल तर तो कंडक्टरचा. शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी मलाच विचारत होत्या."

"अक्का, पेपरमा छापेल शे!"

"छापलंय ना, मग बरोबरच असेल. मी आपली चौथी पास, दाराशी बसून सहा वेळा पाहिलेला. पेपरात लिहिणाऱ्या साहेबांनी फुकटच्या पासावर एकदा पाहिला, तोही मधून चहाला उठून. त्यांनाच जास्त दिसणार."

लेक मान खाली घालून पेटीची कडी लावत होती. भावाला जोर चढला. "'एका प्रसंगात नायिका चार मिनिटं नुसती भाकरी थापते. काहीही घडत नाही. दिग्दर्शकाला डुलकी लागली होती काय?'" वाचून तो स्वतःच हसला.

साहेबांनी भाकरी थापली नसावी. खाल्ली असेल. त्या चार मिनिटांत लेडीजमध्ये कोणी शेंगसुद्धा फोडत नसे.

लेकीचा हात कडीवर थांबला. तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता.

"आई, तेव्हा तिचा नवरा घरात येतो का गं?"

"येतो. दिसत नाही. नुसता जोडे काढल्याचा आवाज येतो."

"फेकतो की सावकाश काढतो?"

"सावकाश."

"मग ती थापतच राहणार. भाकरी हातात आहे तोवर तो थांबतो. एकदा ती तव्यावर पडली की..." तिनं कडी सोडली. "पातळ होऊन फाटते का ती?"

"फाटते."

"फाटणारच."

भावानं पेपर घडी करून मांडीखाली घातला. म्हणाला, "गाडीची वेळ व्हयनी."

"वेळ झाली तर जा की. पाचोऱ्याला तूच जा, आणि तूच भाकऱ्या थाप. काहीही घडत नाही म्हणे."

मी पेटी उघडली आणि तिची लुगडी परत दोरीवर टाकली. लेकीला पुढचं एक अक्षर सांगावं लागलं नाही. सावकाश काढलेल्या जोड्यांचा आवाज तिचा बाप मरेपर्यंत, सतरा वर्षं, मी ऐकला होता. त्यातून वाचलो त्या आम्ही दोघी.